शाळेला आधी अंगण होतं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जुन्या वास्तूंविषयी बोला असं कुणी म्हटलं, की आपल्यापुढे किल्ले येतात, देवळं येतात, दर्गे आणि वाडे येतात. आमच्या पालघर जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. शिरगावचा किल्ला आहे, तारापूरचा आहे, डहाणूचा आहे. पण या यादीत शाळा कधी नसते. ज्या इमारतीत आपण आयुष्यातली पहिली दहा वर्षं काढली, तिच्या भिंती कशाच्या होत्या, छप्पर कसलं होतं, खिडकी किती उंचीवर होती, हे आपल्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. बाकाखाली कोरलेलं नाव मात्र सगळ्यांना आठवतं!

मी राहतो बेटेगावात, बोईसरच्या पूर्वेला. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला पाडे, असं आमचं राहणं. आमच्याकडून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. घोलवडला उतरून चिकूच्या वाड्या मागे टाकत आत गेलं, की कोसबाडची टेकडी लागते. मला आज बोलायचं आहे ते या टेकडीवरच्या शाळेविषयी. तिथे कमानी नाहीत, घुमट नाहीत. भव्य इमारत शोधायला जाल तर हात हलवत परत याल. तरीही महाराष्ट्रातल्या शाळेच्या वास्तूचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातलं एक मोठं प्रकरण या टेकडीवर लिहावं लागेल असं मला वाटतं.

त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं. आपल्या खेड्यांत शाळेला स्वतःची इमारत असणं ही फार जुनी गोष्ट नाही. पंतोजींची शाळा भरायची ती कुणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, चावडीत नाहीतर धर्मशाळेत. आमच्या मुलांचा मकतब मशिदीच्या ओट्यावर. पाटीऐवजी धूळपाटी. म्हणजे शाळा ही जागा नव्हतीच, शाळा ही वेळ होती. पंतोजी आले की शाळा, गेले की पुन्हा देऊळ.

इमारत आली ती इंग्रजी अमलात, आणि तीही शेतकऱ्याच्या पैशातून. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंड बसवला गेला. त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी होता. पैसा कुणब्याचा, आणि शाळा मात्र त्याच्या पोराच्या वाट्याला नाही, ही तक्रार १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढच्या निवेदनात रोखठोक मांडली. तरी या फंडातून काही मोठ्या गावांत शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांचा एक ठरावीक साचा तयार झाला. दगडी जोतं, विटांच्या नाहीतर दगडी भिंती, एक लांबट खोली, पुढे ओटा आणि वर कौलं.

या कौलांची गंमत सांगतो. बाझल मिशन नावाच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्याकडे आली आणि कोकणातल्या शाळांवर चढून बसली. आजही आपण त्यांना मंगलोरी कौलंच म्हणतो. त्यांच्या फटींतून गरम हवा बाहेर जायची, म्हणून चैत्र-वैशाखातही वर्गात बसवत असे. पावसाळ्यात मात्र गुरुजींचा आवाज ऐकू यायचा नाही. माझी पहिली शाळा अशीच होती. सर जोराची आली की पाढे थांबत. आम्ही मान वर करून कौलं बघत बसायचो आणि कुठलं कौल गळणार यावर पैजा लावायचो. कविता लिहिणाऱ्या माणसाला याहून वेगळी तालीम कशाला हवी?

शनिवारी शाळा सारवायची. शेण मुलांनी आणायचं. आमच्यात कोण कुठल्या घरचं, कुणाच्या हातचं कुणाला चालतं, हे प्रश्न त्या शेणाच्या पाटीत विरघळून जायचे, निदान तेवढ्यापुरते तरी.

गंमत बघा, जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातही असंच चालायचं. तिथे १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतर गावोगाव दगडी शाळा बांधल्या गेल्या. शेजारी मास्तरांचं घर, आणि वर्गात एक शेगडी. त्या शेगडीसाठी प्रत्येक मुलानं घरून सरपणाचा एक तुकडा आणायचा. सरपण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. त्यांच्याकडे थंडी, म्हणून जळण. आपल्याकडे माती, म्हणून शेण. शाळा पोरांनीच उबदार करायची आणि पोरांनीच स्वच्छ ठेवायची. आणखी एक साम्य आहे, ते एवढं गोड नाही. त्या मुलखातल्या मुलांची घरची भाषा गेलिक. १८७२ च्या कायद्यात तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. दगडी भिंती आल्या आणि घरची भाषा उंबऱ्याबाहेर राहिली. आमच्याकडच्या वारली पोराला हे सांगावं लागणार नाही.

तर मूळ मुद्दा असा, की दगडी जोत्याची ही शाळा आमच्या भागात गावापर्यंत आली, पाड्यापर्यंत आली नाही. गाव आणि पाडा यांत अंतर किती? कधी एक ओढा, कधी एक टेकाड. पण तेवढं अंतर पुरत असे.

पाड्यावरचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाच्या मेढी रोवून कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करायचा, त्यावर माती आणि शेण लिंपायचं, वर गवत किंवा कौलं. आत अंधार. तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानं घर थंड राहतं. त्या लिंपलेल्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली आणि जगभर नेली. पण घराची खरी बैठकीची खोली म्हणजे पुढचं अंगण. तिथे भात झोडायचं, तिथे वाळवण, तिथेच लग्न, तिथेच तारपा. माणसं दिवसभर अंगणात आणि फक्त निजायला घरात.

आता १९४५ सालाकडे येऊ. हे साल आमच्या भागाला विसरता येणारं नाही. त्या वर्षी गोदूताई परुळेकरांच्या पुढाकाराने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण आठवण ठेवताना त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. एकीकडे मोठी माणसं मान वर करत होती. दुसरीकडे कुणीतरी त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पोरांकडे बघत होतं.

बोर्डी तशी शिक्षणाला नवखी नव्हती. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तिथे १९२० पासून होती, आणि आचार्य भिसे यांच्यासारखा माणूस तिथे होता. ताराबाई आल्या तेव्हा त्यांचं वय होतं त्रेपन्न. म्हणजे आजच्या माझ्याएवढ्या. या वयात आपण निवृत्तीवेतनाचे हिशेब सुरू करतो. त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम उभारलं होतं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार निघालं होतं. मॉन्टेसरीबाईंची पद्धत मराठीत रुजली होती, पण ती पांढरपेशा घरांत. ताराबाईंना ही गोष्ट डाचत होती. मॉन्टेसरीबाईंनी स्वतः १९०७ साली आपलं पहिलं बालगृह काढलं ते रोममधल्या गरीब वस्तीत. आणि आपल्याकडे मात्र ती श्रीमंतांच्या मुलांची पद्धत होऊन बसली होती!

त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. पस्तिशीच्या. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी आणि नोकरी करता करता शिक्षण. पदवी त्यांनी घेतली ती पन्नाशीत.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली पोरं तिकडे फिरकेनात. कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. घरच्यांचा विश्वास नाही, गावच्यांची नाराजी आहे, अंगावर धड कपडा नाही. शाळा चालवणाऱ्याला अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. पोरं येत नाहीत असा शेरा मारून वही मिटायची, हा एक मार्ग. या दोघींनी दुसरा मार्ग धरला. शाळा उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात. मुलांना घरोघर जाऊन गोळा करायचं, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, मग गोष्टी. याचं नाव पडलं अंगणवाडी.

वास्तूच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो बघा. शाळेची भिंत गेली. छप्पर गेलं, फार तर डहाळ्यांचा मांडव. उरलं काय? सारवलेली जमीन, झाडाची सावली आणि दहा पावलांवर पोराची आई. ती भात कांडता कांडता बघते आहे, की ही बाई माझ्या पोराला नेमकं काय शिकवते. शाळेवर पालकांची देखरेख असावी म्हणून पुढे आपण समित्या नेमल्या, शासननिर्णय काढले. इथे ती देखरेख जागेच्या रचनेतच होती.

साहित्याचंही तेच. मॉन्टेसरीचे लाकडी ठोकळे, मणी, दट्ट्या परवडणाऱ्या नव्हत्या. मग शंख-शिंपले आले, चिंचोके आले, गोटे, पानं, फुलं, बिया आणि माती आली. मोजायला शिकायचं तर चिंचोका आणि मणी सारखाच.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे गोखले सोसायटीची कृषी संस्था आधीपासून होती आणि भोवती वारल्यांचे पाडे. इथे नवा प्रश्न उभा राहिला. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. आई मजुरीला गेलेली. मुलीला शाळेत घ्यायचं, तर भावंडाचं काय करायचं? कोसबाडला या प्रश्नाचं उत्तर बांधून दाखवलं गेलं. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईनं येताना तान्ह्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण पहिलीच्या वर्गात बसायचं. सुटीत तिघांनी भेटायचं. याला ताराबाईंनी नाव दिलं विकासवाडी.

मला विचाराल तर ग्रामीण शाळेच्या रचनेत यापेक्षा मोठा शोध आपल्याकडे लागलेला नाही. तीन खोल्या आणि मधलं अंगण. कुठल्याही गवंड्याला जमेल. पण तिच्यामागे हे कळलेलं होतं, की पाड्यावरचं मूल एकटं नसतं, त्याच्याबरोबर एक घर चालत येतं.

आणि जी मुलं गुरं राखायला जात ती? त्यांच्यासाठी तर तीन खोल्यासुद्धा नव्हत्या. गुरं जिथे चरायला जातात त्या कुरणात शिक्षक गेला. कुरणशाळा! भिंत नाही, मांडव नाही, अंगणसुद्धा नाही. फळा झाडाच्या बुंध्याला. मधेच एखादी गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की तास मोडायचा.

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, टेकडी सोडली नाही. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचं पुस्तक अनेक श्रोत्यांनी वाचलं असेल. नसेल तर जरूर वाचा.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती आधी मेळघाटातल्या धारणीला आली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. केरळात जा, बिहारात जा, फलकावर हाच शब्द. आमच्या डहाणू तालुक्यातल्या एका अंगणातून निघालेला हा मराठी शब्द जितका लांब गेला, तितका आमचा कुठलाच कवी गेलेला नाही, आणि यात माझीही गणना करा.

शब्द गेला, पण अंगण गेलं का? बोईसरच्या आसपास फिरून बघा. औद्योगिक वसाहतीच्या कडेला चाळीतल्या एका भाड्याच्या खोलीत अंगणवाडी असते. दहा बाय बाराची खोली. कोपऱ्यात धान्याची पोती, गॅस, वजनकाटा, मधे वीस-पंचवीस पोरं, आणि दाराबाहेर थेट रस्ता नाहीतर गटार. वर पत्रा किंवा स्लॅब. सेविका आपल्या परीने जीव तोडून काम करते, तिच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. पोषण आहार मिळतो, लसीकरण होतं, हेही थोडं नाही. पण फलकावरचा पहिला अर्धा शब्द तेवढा खोटा पडलेला असतो.

शाळांचंही असंच झालं. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत किमान गोष्टी ठरल्या होत्या. दोन खोल्या, ऐसपैस ओटा, दोन शिक्षक, स्वच्छतागृहं. त्यातल्या ओट्याचा उल्लेख मला फार शहाणपणाचा वाटतो. कुणीतरी खेडं पाहिलेल्या माणसानं तो घातला असणार. पुढे सर्व शिक्षा अभियानात गावोगाव पक्क्या खोल्या झाल्या. भिंती पक्क्या झाल्या हे चांगलंच झालं. गळणाऱ्या कौलांखाली मी स्वतः बसलेलो आहे, गरिबीचं कौतुक मला सांगू नका. पण एप्रिलच्या दुपारी स्लॅबखाली बसलेल्या चौथीच्या मुलाला विचारा, की त्याला पाठ समजला की घाम.

याच जिल्ह्यात १९९० च्या दशकात एक वेगळा प्रयोग झाला. वीटभट्टीवर मजुरीला येणारी कुटुंबं वर्षातले सहा-सात महिने भट्टीवरच राहतात. त्यांच्या खोपटाला म्हणतात भोंगा. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वसईच्या परिसरात अशा भोंग्यातच मुलांची शाळा भरवली. तिचं नाव भोंगा शाळा. कोसबाडच्या सुमारे चाळीस वर्षांनंतर पुन्हा तेच घडलं. मूल जिथे आहे तिथे शाळा गेली, आणि तिनं त्याच्याच घराचं रूप घेतलं.

हे सगळं आज आठवायचं कारण आहे. २०२३ साली शालेय शिक्षण विभागाने समूह शाळांची कल्पना पुढे आणली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी, सुसज्ज शाळा करायची आणि मुलांना गाडीने आणायचं. राज्यात अशा लहान शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. कल्पना मांडणाऱ्यांचा हेतू मी वाईट समजत नाही. एका शिक्षकानं चार इयत्ता हाकायच्या, प्रयोगशाळा नाही, खेळायला पुरते गडी नाहीत, ही अडचण खरीच आहे. बाहेर मोठं मैदान, आत संगणक, वर पंखे असतील तर कुणाला नको आहे? पण शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी असं ठरलं, ते काय उगीच? ती एक किलोमीटरची रेघ म्हणजे कायद्यातलं अंगणच आहे. आई हाक मारेल तर ऐकू येईल, साधारण तितपत अंतर.

आमच्या भागातला पावसाळा तुम्ही पाहिलाय. जुलैत ओढ्याला पाणी आलं की पाडा आणि रस्ता यांचा संबंध तुटतो. शाळेची गाडी रस्त्यावर उभी राहील, मूल ओढ्यापलीकडे. आणि जी मुलगी भावंडाला कडेवर घेऊन येते, तिला गाडीत बसवाल, तर त्या भावंडाचं तिकीट कुठे काढणार? कोसबाडला हा प्रश्न १९५७ साली विचारून झालेला आहे. उत्तरही देऊन झालं आहे. एकत्रीकरणाच्या आराखड्यात त्या उत्तराला जागा असली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. मोठी शाळा बांधायचीच असेल तर शेजारी पाळणाघर आहे का, हे नकाशावर आधी दाखवा. आणि पहिली-दुसरीची पोरं पाड्यावरच ठेवता येतात का, तेही बघा. त्यांना लागतो तो एक शिक्षक, एक मांडव आणि थोडी सारवलेली जमीन.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याजवळच्या एका वस्तीत सकाळी चाललो होतो. वीज गेली होती. अंगणवाडीच्या खोलीत बसवेना, म्हणून सेविकेनं पोरांना शेजारच्या घरापुढे, आंब्याखाली आणून बसवलं होतं. घरधनीण दारात तांदूळ निवडत होती आणि पोरं पडलेल्या कैऱ्या मोजत होती. एका पोरानं तेरानंतर थेट पंधरा म्हटलं. सेविका काही बोलायच्या आत तांदूळ निवडणाऱ्या बाईनंच त्याला चौदा सांगितले.